किती पडले? नव्हे, कुठे अडलं?

घटक चाचणीचे पेपर मुलांच्या हातात पडले की त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत एकच प्रश्न ऐकू येतो. किराणा दुकानात, देवळाच्या पायरीवर, गच्चीवरून गच्चीवर. "किती पडले गं तुझ्याला?" कुणी हसून सांगतं, कुणी सांगायचं टाळतं, आणि जिच्या मुलाला कमी पडलेले असतात ती "आजारी होता ना तेव्हा" म्हणत घरात शिरते. मैत्रिणींनो, मीही या प्रश्नातून सुटलेली नाही. उलट जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवताना हा प्रश्न विचारायला पालकांना मीच शिकवलं असेल, असं आता वाटतं.

मागच्या वर्षी शेजारची मुलगी तिच्या आईबरोबर माझ्याकडे आली. चौथीतली. हातात गणिताचा पेपर, पंचवीसपैकी नऊ. आई वैतागलेली. "काकू, हिचं डोकं गणितात नाहीच. हिचे बाबा म्हणतात, क्लासला पैसे घालून काय उपयोग? तुम्हीच सांगा काय करायचं." पोरगी जमिनीकडे बघत उभी होती. चौथीच्या मुलीचं डोकं कशात नाही हे घरात ठरूनही गेलं होतं!

मी पेपर मागून घेतला आणि चहा होईपर्यंत नुसता वाचत बसले. बेरजा सगळ्या बरोबर. ७८ वजा ३५, बरोबर. ६२ वजा ३८, उत्तर लिहिलं होतं ३६. ८१ वजा ४७, उत्तर ४६. ५०३ वजा २४७, उत्तर ३४४. आता तुम्हीही जरा कागद-पेन्सिल घेऊन बघा. ६२ मधून ३८ जाताना एककात दोनातून आठ जात नाहीत. ही मुलगी काय करत होती? सरळ आठातून दोन काढत होती. वर असो की खाली, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा तिचा नियम. जिथे हातचा लागत नव्हता तिथे तो नियम चालून गेला, जिथे लागत होता तिथे दर वेळी फसला. पुढची शाब्दिक उदाहरणंही वजाबाकीचीच होती. काय करायचं ते तिला कळलेलं होतं, मांडणीही नीट होती, उत्तर तेवढं त्याच कारणाने चुकलेलं.

म्हणजे सोळा गुण गेले, पण चूक एकच! लाल शाईने तीच चूक फुल्यांवर फुल्या मारून दाखवली होती. ती कोणती, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मुलगी ढ असती तर चुका वेड्यावाकड्या पडल्या असत्या. हिच्या चुकीत तर शिस्त होती. विचार करूनच ती चुकत होती.

चार संध्याकाळी आम्ही काडेपेटीच्या काड्या घेऊन बसलो. दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, रबर लावले. बासष्ट म्हणजे सहा जुड्या आणि दोन सुट्ट्या काड्या. "आता मला अडतीस दे." तिने तीन जुड्या दिल्या, मग आठ सुट्ट्या शोधायला लागली. हातात दोनच. बराच वेळ थांबली आणि मग आपणहून एका जुडीचं रबर काढलं. तिला वजाबाकी समजली ती त्या क्षणी. मी फक्त समोर बसलेले होते.

हे सगळं मी माझी शेखी मिरवायला सांगत नाही. उलट कबुली द्यायची आहे. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मी असे शेकडो पेपर तपासले. फुल्या मारल्या, बेरीज केली, निकालपत्रक भरलं, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुढचा धडा काढला. पेपर कपाटात गेले. कोणत्या मुलाला किती हे मला तोंडपाठ असायचं. कुणाचं काय अडलंय, हे विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्या काळात माझ्या वर्गातल्या एका मुलीला गणितात सतत कमी पडत आणि तिसऱ्या वर्षी तिच्या वडिलांनी "हिला जमत नाही" म्हणून शाळा सोडवली. मी घरी जाऊन समजावलं होतं. पण तिला वर्गात नेमकं काय जमत नव्हतं, हे मी कधीच पाहिलं नव्हतं. ती आज कुठे आहे ठाऊक नाही. तिचे पेपरसुद्धा मला आठवत नाहीत, आठवतात ते फक्त तिचे गुण.

चाचणीचा आकडा आणि चाचणीतली माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवायला टाकलेला ब्लाऊज घालून बघितला आणि शिंपीणबाईंना "दहापैकी चार" एवढंच सांगितलं, तर त्या बिचाऱ्या काय दुरुस्त करणार? खांद्यात उतरतोय की काखेत दाटतोय, हे सांगावं लागतं. मुलाच्या पेपरात हे सगळं लिहिलेलं असतं. फक्त ते बेरजेखाली झाकून जातं.

मला हे शिकवलं माझ्यापेक्षा वयाने लहान असलेल्या एका सहशिक्षिकेने. ती पेपर तपासून झाले की मोठ्या कागदावर तक्ता आखायची. डाव्या बाजूला मुलांची नावं, वरच्या ओळीत प्रश्नांचे क्रमांक. बरोबरला टिंब, चुकीला फुली. एवढंच. मी हसायचे, "रिकामटेकडेपणा आहे" म्हणायचे. एकदा तिने माझ्या पाचवीच्या वर्गाचा तसा तक्ता करून दाखवला. एका मुलाची आडवी ओळ फुल्यांनी भरली असेल तर त्या मुलाकडे बसायला हवं. चार-पाच मुलांच्या फुल्या एकाच ठिकाणी असतील तर त्यांचा गट करायला हवा. आणि एखादा उभा रकाना वरपासून खालपर्यंत फुल्यांनी भरला असेल तर? ती काही बोलली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

त्या तक्त्यात एक रकाना तसा होता. प्रश्न होता, ०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती? जवळजवळ सगळ्या वर्गाने ०.३५ लिहिलं होतं. कारण मीच शिकवताना "पॉइंट पस्तीस", "पॉइंट आठ" असं म्हणत आले होते. पस्तीस आठापेक्षा मोठे, मुलांचं काय चुकलं? त्या रकान्यातल्या फुल्या मुलांच्या नव्हत्याच, माझ्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी रुपये-पैसे काढले. रुपयाचे शंभर पैसे, त्यातले पस्तीस एकीकडे आणि ऐंशी दुसरीकडे. अर्ध्या तासात काम झालं. पण तो तक्ता नसता तर मी त्या वर्षीही "मुलं लक्ष देत नाहीत" म्हणून मोकळी झाले असते.

अशा चुका शोधायला लागलं की त्या कुठे कुठे लपलेल्या असतात हे कळतं. आपली मराठीच घ्या. आपण "सत्तेचाळीस" म्हणतो तेव्हा सात आधी येतात आणि चाळीस मागून. लिहिताना मात्र चार आधी. ऐकून लिहिणारं लहान मूल ७४ लिहितं. त्याला संख्या येत नाही असं नव्हे, ते कानाचं इमानदारीने ऐकतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "साठ तीन", "वीस एक" अशी वाचायची पद्धत जोडीला दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? विनोद झाले, विधिमंडळात चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. जुनी पद्धत काढलेली नाही, ज्या मुलांना संख्यांची नावं अवघड जातात त्यांच्यासाठी ही वाट दिली आहे, असं त्या शांतपणे सांगत राहिल्या. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. ती पद्धत आवडो न आवडो, त्यामागची दृष्टी मला मोलाची वाटते. मूल चुकतंय ना, मग ते का चुकतंय हे आधी बघू. त्याला बोल लावायचा की नाही ते नंतर.

हा सगळा खटाटोप करून काही साधतं का? साधतं, आणि त्याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. 'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवला. वस्तीतलीच शिकलेली एखादी तरुण मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायची आणि त्यांना जे येत नाही तिथून शिकवायची. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. याच दोघांना २०१९ मध्ये मायकल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या बालसख्या काही मोठ्या पदव्या घेतलेल्या नव्हत्या. तुमच्या-माझ्या घरातल्या लेकी-सुनांसारख्याच. त्यांनी मुलाच्या इयत्तेऐवजी मुलाची पातळी पाहिली, एवढाच फरक.

पातळी पाहायचं साधनही साधंच आहे. 'प्रथम'च्याच पुढाकाराने २००५ पासून 'असर' ही पाहणी होते. कार्यकर्ते गावोगाव घरी जातात आणि मुलांना एक कागद वाचायला देतात. अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला काही मिनिटं लागतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. म्हणजे उरलेली निम्मी मुलं इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं न वाचता शिकत बसली आहेत. त्यांना आपण वर्षातून किती वेळा चाचण्या देतो, आणि त्या चाचण्यांनंतर किती वेळा मागे वळून शिकवतो?

कागदावर म्हणाल तर आपल्याकडे कमी नाही. शिक्षणहक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' आलं. त्यात दोन भाग, आकारिक आणि संकलित. शब्द जड आहेत, अर्थ घरगुती आहे. कच्चे टाके घालून अंगाला लावून बघणं हे आकारिक, पक्की शिवण घालून झाल्यावर आरशात बघणं हे संकलित. कच्चे टाके उसवता येतात, त्यासाठीच ते असतात. नंतर २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात पायाभूत चाचण्या आल्या. २०२३-२४ मध्ये सरकारी व अनुदानित शाळांत तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. हेतू प्रत्येक वेळी हाच, की मूल कुठे आहे ते कळावं आणि तिथून त्याला पुढे न्यावं.

मग घोडं पेंड कुठे खातं? शिक्षकांना दोष देणं फार सोपं आहे. मी तसं करणार नाही, कारण मी त्या खुर्चीत बसलेली आहे. दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग. त्यात निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी. चाचणी झाली की गुण ऑनलाइन भरायची घाई. अमुक तारखेपर्यंत माहिती गेली नाही तर वरून फोन. माहिती वर जाते, तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, पुण्याला जाते. जिथे तिची खरी गरज आहे त्या वर्गात मात्र ती खाली येत नाही. आणि आलीच तर टक्केवारी होऊन येते. "तुमची शाळा मागे आहे." कशात मागे, कोणती मुलं, कोणता प्रश्न, हे त्यात नसतं.

त्याहून वाईट गोष्ट सांगते. ज्या आकड्यावरून शाळेची लाज काढली जाते, तो आकडा खरा राहत नाही. वरच्या रांगेत यायचं म्हटलं की कुठेतरी फळ्यावर उत्तरं लिहिली जातात, कुठेतरी हुशार मुलांना पुढे बसवलं जातं. त्यात नुकसान कुणाचं? ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याच्या नावापुढे "वाचता येते" असं लिहिलं गेलं, की मग त्याला वाचायला कोण शिकवणार? ताप लपवला तर औषध मिळत नाही. म्हणून चाचणी ही शिक्षकाला आणि मुलाला मदत मिळावी म्हणून हवी, धाक म्हणून नको.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणायचा निर्णय घेतला. नापास झालं तर पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. या निर्णयावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण एक गोष्ट नक्की. जे मूल पाचवीत नापास होतं, त्याची पहिली फुली तिसरीत किंवा दुसरीतच पडलेली असते. ती तेव्हाच कुणी वाचली असती तर पाचवीपर्यंत गोष्ट आलीच नसती. आणि नापास झालेला मुलगा पुन्हा बसवला जातो, नापास झालेल्या मुलीला घरी बसवायचा विचार आधी येतो. हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

आता थोडं आपल्याबद्दल. १९८८ मध्ये रूथ बटलर या संशोधक बाईंनी इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना कामाचे नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा दिला, म्हणजे कुठे छान झालं आणि कुठे सुधारता येईल ते लिहून दिलं. काहींना दोन्ही दिलं. कोण सुधारलं असेल? ज्यांना फक्त शेरा मिळाला ती मुलं. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्याचा फारसा उपयोग झाला नाही. आकडा दिसला की डोळे तिथेच थांबतात. मुलांचेही आणि आपलेही.

म्हणून पुढच्या वेळी पेपर घरी आला की गुणांवर क्षणभर अंगठा ठेवा आणि आत बघा. मुलाला विचारा, "हे उत्तर तू कसं काढलंस, मला करून दाखव." रागावून नाही, कुतूहलाने. तो सांगेल त्यातच चूक सापडेल. तुम्हाला स्वतःला ते गणित येत नसलं तरी चालेल. मूल तुम्हाला समजावता समजावता अडखळेल, ती जागा लक्षात ठेवा आणि बाईंना सांगा. पालकसभेत "माझ्याचा नंबर कितवा?" याऐवजी "माझ्याचं कुठे अडतंय?" असं विचारा. ज्या बाई सांगू शकतील त्यांचे आभार माना. ज्यांना लगेच सांगता येणार नाही, त्या पुढच्या वेळी नक्की बघून ठेवतील. विचारणारं कुणी आहे म्हटलं की काम वेगळं होतं, हे मी अनुभवाने सांगते.

आणखी एक. शाळा व्यवस्थापन समिती ही कायद्याने आलेली समिती आहे. तीत तीन चतुर्थांश पालक असायला हवेत आणि निम्म्या जागा बायकांच्या. बऱ्याच ठिकाणी आपल्या बहिणी तिथे फक्त सहीपुरत्या असतात. सही जरूर करा, पण त्याआधी एक प्रश्न विचारा. "मागच्या चाचणीनंतर शाळेत काय बदललं?" पायाभूत चाचणीत किती मुलांना वाचता आलं नाही, त्यांचा वेगळा गट केला का, त्यांना रोज किती वेळ मिळतो? आणि मग शिक्षकांच्या बाजूनेही उभ्या राहा. चाचणीनंतरचे चार-पाच दिवस फक्त मागे राहिलेलं पुन्हा शिकवायला द्या, त्या दिवसांत त्यांच्यावर दुसरं काम टाकू नका, असा ठराव समितीने करून वर पाठवावा. नुसतं जाब विचारणं सोपं असतं, वेळ मागून देणं अवघड. शिक्षकाला दोन्हींची गरज आहे.

शेजारची ती मुलगी आता पाचवीत आहे. गणितात पहिली वगैरे आलेली नाही. मागच्या आठवड्यात आली आणि पेपर माझ्यासमोर धरून म्हणाली, "काकू, यात माझी एकच चूक आहे, पण ती तीनदा झालीय." मी चष्मा लावला. भागाकारात मधलं शून्य लिहायला विसरत होती.

आई मागेच उभी होती. या वेळी तिने किती पडले ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.